चौदाव्या सोमवारची कोथिंबीर

चौदाव्या सोमवारी दुपारी सुमंगलाबाईंच्या दातांत कोथिंबिरीची काडी सापडली.

झालं असं की शेजारच्या भाभींनी "आज आपका सोमवार है ना" म्हणत साबुदाण्याच्या खिचडीची वाटी दारातच हातात दिली. चष्मा देवघरात राहिलेला, भूक खरीच लागलेली, आणि मायेनं दिलेलं परत करवत नाही. वाटी निम्मी झाल्यावर जिभेला हिरवा वास लागला. आरशात बघितलं तर ही काडी. देवासमध्ये कोथिंबीर न घालता खिचडी करणारं घर शोधावं लागतं. सुमंगलाबाईंच्या सासरी मात्र उपासाला कोथिंबीर चालत नसे.

त्यांचे यजमान शरदराव बँकेच्या दूरच्या गंधवानी शाखेत होते. तीन वर्षं झाली, शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जायचं. त्यांची बदली देवासला व्हावी म्हणून हे सोळा सोमवार. बदल्यांची यादी महिन्याभरात लागणार होती. सोमवार मोडला असला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि यादी काही तोवर थांबणार नव्हती.

विचारावं कुणाला? धारच्या थोरल्या जाऊबाई, उमाबाई, म्हणजे घराण्यातल्या सगळ्या व्रतांचं सुप्रीम कोर्ट. पण त्यांना विचारायचं म्हणजे आधी खाल्लं हे कबूल करायचं. त्यापेक्षा खाल्लेली वाटी पुन्हा भरून परत गेली तर बरं, असं सुमंगलाबाईंना वाटलं.

"आई, इतकं टेन्शन कशाला?" अकरावीतली अवंती म्हणाली. "विकिपीडियावर बघते ना. माझे सगळे प्रोजेक्ट तिथूनच होतात. हे बघ, मिळालं. 'उपवासाचे पदार्थ'. तू वाच, मला मराठी वाचायला फार टाइम लागतो."

सुमंगलाबाईंनी चष्मा लावून वाचलं. साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळं. आणि खाली ठसठशीत ओळ : 'कोथिंबीर चालत नाही.' त्यांनी चष्मा काढून डोळ्यांना पदर लावला.

"अगं, रडून काय राहिलीस! हे कोणीपण बदलू शकतं. तू पण. इथे 'संपादन' दाबायचं आणि लिहायचं."

"देवाधर्माचं असं कुणीही बदलायचं?"

"कोणीतरी लिहिलंच होतं ना, आई? महादेव थोडीच लिहून गेले!"

हे मात्र खरं होतं. खोटं लिहायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं आणि खूप विचार करून सांगितलं, "लिही, 'काही घरांत कोथिंबीर चालते.'" भाभींच्या घरात चालतच होती. सुमंगलाबाईंना जरा हलकं वाटलं.

तासाभरानं अवंतीनं पुन्हा उघडलं, तर त्या ओळीपुढे कुणीतरी 'संदर्भ हवा' असं लावून ठेवलं होतं.

"संदर्भ म्हणजे गं?"

"मतलब, तुला हे कोणी सांगितलं त्याचं नाव. नाही दिलं तर काढून टाकतील."

आता नाव द्यायचं म्हणजे त्या घरात एकच नाव होतं. उमाबाईंच्या नातवाच्या, श्रेयसच्या मुंजीत त्या म्हणाल्या होत्या, "उपासाला जिरं चालतं गं." जिऱ्याशेजारी डब्यात धने, आणि धने पेरले की कोथिंबीर. असं किती लांब आहे?

"लिही," सुमंगलाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "संदर्भ : उमाबाई, धार."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या अवंती किंचाळली. "आई! इकडे ये लवकर!"

त्यांची ओळ गेली होती. जागेवर नवी होती : 'कोथिंबीर चालत नाही. उमाबाईंनी असं कधीही सांगितलेलं नाही. संदर्भ : उमाबाई, धार.'

तेवढ्यात फोन वाजला.

"सुमंगला, कधी खाल्लीस?"

"वहिनी! तुम्हाला कसं..."

"ते उपासाचं सगळं आमच्या श्रेयसनंच लिहिलंय. महाराष्ट्र समाजाची निबंधस्पर्धा होती, तेव्हा मला विचारविचारून. कुणी काही बदललं की त्याला कळतं. म्हणाला, आजी, कुणीतरी तुझं नाव घातलंय. मला इतकं घाबरणारी माणसं जगात दोन. एक आमचे हे, ते गेले. दुसरी तू."

म्हणजे ज्यांना टाळायला इंटरनेटवर गेलो, तिथेही त्याच बसलेल्या! सुमंगलाबाईंचा बांध फुटला. वाटी, चष्मा, काडी, गंधवानी, बदलीची यादी, सगळं त्यांनी रडत रडत सांगून टाकलं.

मग पलीकडे मागून श्रेयसचा आवाज ऐकू आला, "आजी, पण तुझ्या ओळीलापण संदर्भ मागून राहिले आहेत. तुला कोणी सांगितलं होतं?"

"आमच्या सासूबाईंनी."

"आणि त्यांना?"

उमाबाईंनी घसा खाकरला.

"सासूबाईंना," उमाबाई सावकाश म्हणाल्या, "कोथिंबीर आवडायचीच नाही. वरणातसुद्धा घालू द्यायच्या नाहीत. कुणी वड्या केल्या तर पानावरून उठून जायच्या."

दोघी जावा तारेच्या दोन टोकांना फोन घट्ट धरून उभ्या राहिल्या. सुमंगलाबाईंना हसू येत होतं, पण आधी थोरलीनं हसायला हवं होतं.

"मग काय लिहू, आजी?" श्रेयस विचारत होता.

"लिही, ज्या घरच्या सासूला आवडते, त्या घरी चालते."

"असं नसतं लिहायचं, आजी."

"मग खोडून टाक सगळं आणि रताळ्यापाशी थांब." मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "सुमंगला, रडू नकोस. चौदा झाले तुझे. पंधराव्याला लाग. शंकराला बेल चालतो, मग कोथिंबिरीशी त्याचं काय वैर असणार आहे?"

"वहिनी..." सुमंगलाबाई पुन्हा वाटीपासून सांगू लागल्या.

"ऐक. सोमवारी मी येते तिकडे, सकाळच्या बसनं." उमाबाईंचा आवाज एकदम खाली आला, जणू कुणी ऐकेल. "चाळीस वर्षं झाली गं मला कोथिंबीर घातलेली खिचडी खाऊन. त्या भाभींना एक वाटी जास्त करायला सांग."