आहेर मसाला कांदा

आमच्या इमारतीच्या खालच्या गाळ्यातले आहेर काका मिरची कुटतात आणि फोनवर कांद्याचा भाव सांगतात.

"बोला! लाल की उन्हाळ?" असं ते ओरडतात. ओरडतात, कारण मागे कांडपाच्या यंत्राची मुसळं धाडधाड आपटत असतात आणि फोनसाठी यंत्र थांबवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "मसाला उखळात पडला की मधे थांबायचं नसतं. चव तुटते." मी त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते. त्यामुळे अख्ख्या अंबडमध्ये कांद्याचा भाव रोज न विचारता कळणारी मी एकटीच असेन.

झालं असं, की दुकान मोबाइलच्या नकाशावर दिसावं म्हणून काकांनी स्वतःच नोंद केली. "दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर संपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टाइप करण्यावर त्यांचा विश्वास नाही, ते फोनला तोंडी सांगतात. यंत्र अर्थातच चालू होतं. काका ओरडले, "आहेर मसाला कांडप!" फोनने ऐकलं, 'आहेर मसाला कांदा'. काकांनी चष्मा न लावता 'ओके' दाबलं. तेव्हापासून देवळा, सटाणा, कळवणकडून शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले.

दुसरा कोणी 'राँग नंबर' म्हणून मोकळा झाला असता. पण काका मूळचे सटाण्याकडचे. एवढ्या लांबून माणूस विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? ते रोज सकाळी पेपरातला भाव पाठ करायला लागले. समोरचा अहिराणी बोलला, की काकांचा आवाज एकदम पाहुणचाराचा होतो. "तुमनं गाव कोणतं शे?"

मला फोनवर बोलायचं म्हटलं तरी घाम फुटतो. अनोळखी नंबर आला की तो वाजून वाजून गप्प होईपर्यंत मी नुसती बघत बसते. माझं वेबसाइटचं काम घरूनच चालतं, त्यात बोलावं लागत नाही. काका मला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. फेब्रुवारीत एकदा त्यांनी जिन्यातून हाक मारली, "ए कॉन्व्हेंट, खाली ये! पुण्याची बाई तापलीय."

पुण्याची बाई म्हणजे त्यांची मुलगी. काकू गेल्यापासून ती त्यांना तिकडे बोलावते आहे. आता तिने शेवटचंच सांगितलं होतं. यंदाच्या मिरचीच्या सीझनला गिऱ्हाईक आलं नाही, तर गाळा सोडायचा. आणि गिऱ्हाईक येणार कुठून? कांडप शोधणाऱ्या बायकांना नकाशावर दिसत होता कांद्याचा व्यापारी.

मी नाव दुरुस्त केलं, वेळा टाकल्या. फोटोसाठी काका इस्त्रीचा शर्ट घालून यंत्राशेजारी उभे राहिले. पण मिरचीच्या खकाण्यात प्रत्येक फोटोला एकतर ते शिंकत होते, नाहीतर मी. शेवटी त्यातल्या त्यात बरा टाकला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. बघणाऱ्याला वाटावं, आरती चालली आहे. मग गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला लावलं. एकीने नुसतं 'छान' लिहिलं. काकांनी फोनला तोंडी उत्तर सांगितलं, "धन्यवाद. लवंग कमी होती, मी तेव्हाच बोललो होतो. सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो?"

मार्चअखेर दुकानासमोर बायकांची रांग लागली. काकांनी रांगेचा फोटो पुण्याला पाठवला. उत्तर आलं, 'बरं.' हे 'बरं' त्यांनी अख्ख्या इमारतीला दाखवलं.

मला शाबासकी मिळाली, तिखटाची पिशवीही मिळाली. पण काका काहीतरी शोधत असल्यासारखे सारखे फोनकडे बघायचे.

"कॉन्व्हेंट," एक दिवस ते म्हणाले, "ते चुकीचं होतं, ते परत टाकता येईल का? सगळं नको. थोडंसं."

त्यांनी फोन पुढे केला. एक नंबर सेव्ह केलेला होता. नाव, 'देवळा जेवलात का'.

"म्हातारा आहे. नाव कधी विचारलं नाही. भाव विचारायचा, आणि ठेवताना म्हणायचा, जेवलात का? त्याला नंबर साठवता येत नाही. रोज फोनलाच सांगायचा, मसाला कांदा लाव. आता लागत नसेल."

"मग तुम्हीच करा ना फोन."

"मी?" काका दचकलेच. "व्यापाऱ्याचा फोन आला की शेतकऱ्याला काय वाटतं? याला माझा माल पाडून मागायचाय. नको बाई."

फोन न करण्याची कारणं मला नवी नाहीत.

नकाशावर खोटं लिहायचं नाही, हा माझ्या कामातला नियम. पण हे खोटं नव्हतंच. दुकानाच्या माहितीत, तिखट, गरम मसाला, हळद यांच्याखाली मी एक ओळ टाकली: 'आहेर मसाला – कांदा भाव सांगितला जाईल.'

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी, खाली रांग उभी असताना, मुसळं एकदम थांबली. इतकी शांतता, की मी काम सोडून खिडकीत आले.

"काका, लाइट गेली का?" एका बाईने विचारलं.

दारात आलेल्या काकांनी तिला हातानेच थांबवलं. लाल झालेला दुसरा हात त्यांनी इस्त्रीच्या शर्टाला पुसला, फोन कानाशी धरला, आणि पहिल्यांदाच न ओरडता म्हणाले, "नाही हो, अजून नाही जेवलो. तुम्ही?"