एका वेळी पाच नावं

मे महिन्यात निंबा नानांच्या ओट्यावर दोन वस्तू ओल्या फडक्याच्या आश्रयाला असतात. एक पाण्याचा माठ आणि दुसरा त्यांचा संगणक. माठाला फडकं गुंडाळलेलं असतं, संगणकाखाली ओल्या फडक्यात बांधलेली वीट असते. जळगावच्या उन्हात धडधाकट माणसं दुपारी दारं लावून पडतात, तिथे त्या बिनपंख्याच्या एवढ्याशा यंत्राची काय कथा! नाना दर पंधरा मिनिटांनी त्याच्या पोटाखाली हात घालून ताप बघतात आणि म्हणतात, "आंग गरम शे. निजू दे त्याले जरासं."

हे यंत्र नानांच्या गळ्यात मी बांधलं. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. आमचा प्रिंटर एकदा अडला होता, तो मी बंद करून पुन्हा चालू केला. तेव्हापासून मला संगणकातलं कळतं असा कॉलनीत समज आहे, आणि तो दूर करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नाही. शेजारच्या नानांना संगणक घ्यायचा होता. त्यांनी मला दुकानात नेलं. मी सगळ्यात स्वस्त दिसला त्याच्यावर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "हे नेटबुक आहे हं, साहेब." मी जाणत्यासारखी मान हलवली आणि नानांना समजावलं, "लॅपटॉपच असतो नाना, फक्त अंगाने बारीक."

घरी आल्यावर कळलं, बारीक नव्हता, आजारी होता. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात नानांची दाढी उरकायची. दोन कामं एकदम सांगितली की एकही करायचा नाही. थोडं काही साठवलं की जागा नाही म्हणून रडायचा. मी दोन दिवस नानांची नजर चुकवत मागच्या दाराने ये-जा केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठलंच. "भाऊ," ते म्हणाले, "गुण शे, अवगुणबी शे."

साऱ्या जगाबद्दल नानांचं हेच मत आहे. कुणाचा जावई असो, नवा डॉक्टर असो, गुण शे, अवगुणबी शे. आमच्या हिने केलेलं वांग्याचं भरीत खाऊन ते म्हणाले होते, "गुण शे, चुलीवर भाजेल शे. अवगुणबी शे, वाढेल कमी शे."

कुणी संगणक घ्यायला निघालं की नाना त्याला ओट्यावर बसवून दोन्ही बाजू सांगतात. वजन मेथीच्या दोन जुड्यांइतकं. पिशवीत घालून बाजारात न्या, वर कोथिंबीर ठेवली तरी चालतं. लाइट गेली तरी दुपार काढतं. अवगुण म्हणजे बटणं इतकी चिकटून की एका बोटाखाली दोन अक्षरं येतात. आणि आवाज अजिबात नाही. चालू आहे की मेलं, ते हात लावून बघावं लागतं. हे गुणात धरायचं की अवगुणात, यावर नानांचं अजून ठरलेलं नाही.

नाना मूळचे सोनगीरकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी धुळ्याच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, पुढची जळगावात. आता ते ओळखीपाळखीच्या लोकांच्या लग्नपत्रिका हौसेने जुळवून देतात. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नावांची जत्रा. निमंत्रक, व्यवस्थापक, मामेकुळ, आणि शेवटी ज्यांना अजून दात फुटले नाहीत अशा पोरांची किलबिल. नवरा-नवरीची नावं शोधून काढावी लागतात. यात एखादं नाव राहिलं, तर एक घर लग्नाला येत नाही. नाव आलं पण खाली आलं, तर ते घर येतं, पण जेवत नाही.

ही सगळी जत्रा त्या टीचभर पडद्यावर मावत नाही. नाना अक्षर मोठं ठेवतात, त्यामुळे एका वेळी पाचच नावं दिसतात. मी एकदा मोठा पडदा जोडायचं सुचवलं, तर ते दचकलेच.

"नको, नको! मोठ्या पडद्यावर बठ्ठी गर्दी एकदम दिसते, मग कोण हरवलं ते कळत नाही. इथे पाच जण येतात. पाचांची तोंडं पाहायची, मग पुढचे पाच." आणि ते खरोखर पाहतात. प्रत्येक नावावर बोट ठेवून पत्रिकावाल्याला विचारतात, "हे आबा कोण? मुलीचे आजोबा ना? मग चुलत आजोबा कुठे गेले? बोलत नाहीत? न बोलू द्या. नाव टाका."

एवढी धास्ती कशाची, हे त्यांनी एका दुपारी आपण होऊन सांगितलं. धाकट्या भावाच्या, रघूच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच जुळवली होती. नवरीच्या मामांच्या नावाची ओळ त्यांनी जुळवून बाजूला ठेवली, आणि छापायच्या चौकटीत ती चढलीच नाही. मांडवात भटजी मामाला हाका मारत होते आणि मामा रस्त्यापलीकडे मोटारसायकलवर बसून होते. रघूने हात जोडले. मामा म्हणाले, "आमचं नाव नाही, आमचं काय काम?" त्या दिवशी नवरीला बोहल्यावर दुसऱ्याच कुणीतरी आणलं. रात्री पंगती उठल्यावर रघू नानांना म्हणाला, "घरचाच जुळवणारा, आणि घरचंच नाव राहिलं? तू मुद्दाम केलं."

"मी मुद्दाम नव्हतं केलं," नाना मला म्हणाले. जणू मीच विचारलं होतं.

याला पंचवीस वर्षं झाली. नानी गेल्या तेव्हा रघू आला नाही. रघू राहतो ते धुळं इथून एसटीने अडीच तास, पण नाना वाटेवरच्या पारोळ्यापर्यंतही कधी जात नाहीत.

आता माझा पराक्रम. चोपड्याच्या एका घरची पत्रिका नानांनी जुळवली होती. नवरदेवाकडची मंडळी धुळ्याची, म्हणून ती छापायची होती नानांच्या त्या जुन्याच छापखान्यात. हल्ली तो मालकाचा मुलगा चालवतो. नाना म्हणाले, "भाऊ, तेवढी मेलने पाठवून दे. माझं बोट जागेवर पडत नाही." मी ऐटीत पुढे बसलो. पडद्यावर तीन फायली होत्या. तिन्हींची नावं 'पत्रिका एकदम अंति' एवढीच दिसत होती, पुढचं त्या टीचभर जागेत कापलं गेलेलं. जाणत्या माणसाने उघडून पाहिलं असतं. पण उघडायला लागणार दहा मिनिटं, आणि आमच्या घरी चहा निवत होता. मी सगळ्यात खालची पाठवली.

तिसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन सगळ्या कॉलनीला ऐकू येतो.

"नाना, चोपड्याची पत्रिका कुठंय? तुमच्या पुतणीची मात्र आली हं, झकास जुळवली! रीतीप्रमाणे प्रूफ मुलीच्या बापाकडे पाठवलं. रघुकाकांना कालच दिलं."

नानांनी फोन ठेवला. "भाऊ, तू कोणती पाठवली?"

"शेवटची."

ते माठाला टेकून खाली बसले. मी घाबरून फाईल उघडली. ती सावकाश उघडली. रघूच्या मुलीच्या लग्नाची पूर्ण पत्रिका. कुणी सांगितलेली नव्हती. लग्न ठरल्याचं गावच्या कुणाकडून तरी कानावर आलं आणि यांचा हात ऐकेना. मी पाच-पाच नावं खाली सरकवत गेलो. रुसलेले ते मामा आता नवरीच्या आईचे मामा म्हणून मामेकुळात सगळ्यात वर, ठळक अक्षरात. सोनगीरचे सगळे, सुरतेला गेलेले सगळे. पोरांची किलबिलसुद्धा. एकच नाव दिसेना.

"नाना, तुमचं?"

"बोलावणं नसताना आपलंच नाव कसं छापायचं?" ते म्हणाले. "ती पाठवायची नव्हतीच रे. नुसती जुळवली होती."

चोपड्याची पत्रिका तेवढी मी उघडून, बघून पाठवली, मग दोन दिवस त्यांनी संगणक उघडला नाही. विटेवरचं फडकं वाळून कडक झालं. "रघूला वाटेल, मी पुन्हा डिवचलं," एवढंच ते बोलले. आमच्या हिने मला चहा देणं बंद केलं. "एक प्रिंटर चालू केलात," ती म्हणाली, "तिथेच थांबायचं होतं."

तिसऱ्या दुपारी मी माफी मागायला ओट्यावर गेलो आणि शब्द जुळवत होतो, तोच फोन वाजला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही.

"प्रूफ पाह्यं."

नाना फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "हं."

"किलबिलमा शांताक्काना नातूनं नाव शे. तो तर तीन महिन्यांचा. तुले कसं मालूम?"

"कळतं."

"मामांचं वर घेतलं."

"घेतलं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग रघू म्हणाला, "एक नाव राही गयं."

नानांचा चेहरा असा उतरला की मी पाण्याचा पेला भरला. "चार वेळा वाचलं रे! बोट ठेवून वाचलं! कोनं राही गयं, रघू?"

"तुनं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी माठाकडे पाहिलं.

"निमंत्रकमध्ये टाक," रघू म्हणाला, "सगळ्यात वर. तू थोरला शे."

"वर नको. शेवटी टाकतो. जुळवणाऱ्याचं नाव शेवटी असतं."

"जुळवणारा? काका शे तू तिचा! शेवटी टाकलं तर लोके काय म्हनतीन? माले पुन्हा मान खाले घालाले लावशी?"

"मी वर टाकणार नाही."

"नाना, पंचवीस वर्षांत तुझा हट्ट काही कमी झाला नाही!"

"आणि तुझा? तू तर मामांच्या वरचा निघाला!"

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. दोघं भाऊ अर्धा तास एका नावाच्या जागेवरून भांडले. मध्येच आईचं काही निघालं, मध्येच कुठल्याशा हरवलेल्या सायकलचं. दोघांचेही आवाज चढले, आणि नानांसाठी भरलेला पाण्याचा पेला मीच पिऊन टाकला.

शेवटी नाना म्हणाले, "हे फोनवर मिटणार नाही."

"मंग ये ना आठे, धुळ्याले," रघू म्हणाला, आणि फोन बंद झाला.

नाना उठले. त्यांनी संगणक पुसला, पंच्यात गुंडाळला, पिशवीत ठेवला. मी मघापासून काहीतरी उपयोगी पडायला बघत होतो. म्हटलं, "थांबा नाना, धुळ्याच्या सकाळच्या गाड्यांच्या वेळा मोबाइलवर बघून सांगतो."

"नको बघू," नाना पिशवीची गाठ मारत म्हणाले. "पहाटेची साडेपाचला. मग सहा-दहा. पावणेसातची नको, ती एरंडोलला फार वेळ थांबते. सव्वासातची चांगली, खिडकी मिळते."