डावीकडून सत्तर

विसपुते सर बोलायच्या आधी काचेवर टकटक करतात. म्हणजे माणसाच्या चष्म्यावर नव्हे, तेवढी कृपा आहे. पण जिथे काच आहे आणि काचेखाली काटा आहे, तिथे सरांचं बोट गेलंच म्हणून समजा. आम्ही इंदिरानगरात नवे राहायला आलो तेव्हा त्यांनी चहाला बोलावलं. दार उघडलं, "या" म्हणाले, आणि लगेच वळून भिंतीवरच्या घड्याळावर दोनदा टकटक. मला वाटलं, आम्हाला उशीर झाला असं सुचवतायत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"नाही हो, तुमचं काही नाही," सर म्हणाले. "काटा कधी कधी अडकतो. त्याला विचारावं लागतं."

वजनकाट्यावर उभं राहण्याआधी ते वाकून टकटक करतात. स्वयंपाकघरातल्या तराजूलाही सूट नाही. एकदा तर डॉक्टरांच्या रक्तदाब मोजायच्या तबकडीवर त्यांनी टकटक केली. डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही हात फक्त इकडे द्या. बाकीचं मी बघतो."

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं त्यांनी. आकड्यांच्या घड्याळावर त्यांचा राग आहे. किती वाजले विचारलं की "साडेसहाला टेकलेत" किंवा "पावणेआठ ओलांडून दोन पावलं" असं उत्तर मिळतं. माझा नवरा आनंद, त्याला नवीन यंत्रांचं भारी वेड, मनगटावरचं चकाकतं घड्याळ दाखवून "सर, हे बघा, सेकंदसुद्धा" म्हणाला, तर सर म्हणाले, "आनंदराव, काट्याला चाल असते. आकड्याला नुसतं तोंड असतं." आनंद दोन दिवस ते वाक्य घरात म्हणत फिरत होता. मला उद्देशून, हे वेगळं सांगायला नको.

आणि सरांची गाडी! फिकट निळी, छोटीशी, काळाच्या मानाने म्हातारी. समोर एक मोठी गोल तबकडी वेगाची, तिच्या शेजारी छोटी पेट्रोलची. किल्ली फिरवायच्या आधी दोन्हींवर टकटक. मग काटे थरथरून जागे व्हायचे आणि सरांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की वाटावं घरातलं कुणी झोपेतून उठलं.

या गाडीत बसायचं ते मागे. एकटं असलात तरी मागे. पुढची डावी सीट कुणालाच नाही. कारण विचारलं की रोज नवीन. एकदा म्हणाले स्प्रिंग टोचते, एकदा म्हणाले पट्टा लागत नाही, एकदा म्हणाले तिकडून ऊन येतं. तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण म्हटलं, जाऊ दे. एकदा सर आणि मी ओळखीतल्या एका लग्नाला गेलो. सर गाडी चालवतायत, मी मागे महाराणीसारखी. दारातल्या पोरसवदा पाहुण्याने मला "या मॅडम" केलं आणि सरांना सांगितलं, "ड्रायव्हर लोकांची पंगत मागच्या बाजूला आहे." मी तोंड उघडेपर्यंत सर निघालेसुद्धा! जेवून परत आले ते खुशीत. "वैशालीताई, तुमच्याकडची जिलबी गार होती ना? आमच्याकडे कढईतून थेट."

सर एकटे राहतात. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, आम्ही येण्याच्या आधीच. मुलगी मीनल पुण्यात. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि सर तिला रोज सांगतात, "सगळं जागेवर आहे."

पण यंदा पावसाळ्यात गाडी जागेवर राहिली नाही. पांडवलेण्यांकडच्या उतारावर ब्रेकने दगा दिला आणि गाडी मातीच्या ढिगात जाऊन थांबली. सरांना खरचटलंसुद्धा नाही. पण मीनलला कळलं आणि तिने तिथून बजावलं, "बाबा, नवीन गाडी घ्या. नाहीतर किल्ली माझ्या हातात द्या आणि रिक्षाने फिरा." गॅरेजवाल्याने ब्रेक दुरुस्त करून दिले, पण हेही सांगितलं की, "सर, आता हिला फार पळवू नका. दमलीय ती." सरांची गाडी काढून घेणं म्हणजे त्यांना घरात कोंडणं. भाजी, बँक, सोमवारचं त्र्यंबकेश्वर, जुने विद्यार्थी, त्यांचं सगळं जग त्या चार चाकांवर होतं. मीनलने मला फोन केला. "ताई, तुम्हीच पटवा. माझं ऐकत नाहीत."

मी कसली पटवते! पण गेले बापडी त्यांच्याबरोबर गाड्या बघायला.

पहिल्याच दुकानात तो टाय लावलेला मुलगा उत्साहाने सांगायला लागला, "सर, फुल्ली डिजिटल आहे. स्पीड मोठ्या आकड्यात."

"काटा कुठंय?"

"काटा पण आहे ना सर!" त्याने कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्यावर एक गोल तबकडी आणि लालचुटूक काटा उमटला. म्हटलं, सुटलो. पण सरांनी पडद्यावर टकटक केली, दार उघडून खाली उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले आणि मान तिरकी करून बघत राहिले. परत उतरले, वळसा घालून उजवीकडे. परत डावीकडे. दुकानातली इतर गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या सोडून आमच्याकडे बघायला लागली.

"दोन्हीकडून सारखंच दिसतं," सर शेवटी म्हणाले.

"हो सर! कुठूनही बघा, एकदम क्लिअर!"

"तेच तर," सर म्हणाले. "चित्र आहे हे." आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानात खराखुरा काटा होता. मी मनातल्या मनात त्र्यंबकराजाला नारळ बोलून टाकला. तर पेट्रोलला काट्याऐवजी लहान लहान चौकोन. "या काय विटा रचल्यात?" तरी तेवढं चालवून घेतलं असतं त्यांनी. पण मग ते डाव्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांचा चेहराच उतरला. "काटा विहिरीत बसवलाय. इथून दिसतच नाही."

माझा पारा चढला. "अहो सर, गाडी तुम्ही चालवणार की डावीकडचा माणूस? आणि तिकडे तर तुम्ही कुणाला बसूही देत नाही!"

यावर सरांनी काय करावं? दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेबाराला टेकलेत. जेवायची वेळ झाली तुमची."

त्या दिवसापासून मी ठरवलं, आपण यात पडायचं नाही. पण एक गोष्ट अडली. दर वर्षी कापणी झाली की सर इगतपुरीकडे जाऊन वर्षाचा इंद्रायणी तांदूळ आणतात. पांडुरंग म्हणून त्यांचा जुना विद्यार्थी आहे, त्याच्या शेतावरचा. "यंदाचा तांदूळ हिच्यातूनच आणतो," सर म्हणाले. "मग मीनल म्हणेल तसं." मलाही तांदूळ हवाच होता. सरांना एकट्यालाही सोडवेना. गेले.

पांडुरंगने ओंजळभर तांदूळ पुढे केला. "सर, लय भारी उतरलाय यंदा. चावून तर बघा."

सरांनी दाणे माझ्या हातावर ठेवले. "तुम्ही चावा वैशालीताई. ते खातं माझं नव्हतं कधी."

मी चावला. कटकन तुटला, वासही छान होता. सर माझ्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे बघत होते. "चांगला आहे," म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पोती गाडीत टाकायला सांगितली. त्यांची, माझी, आणि मीनलची. डिकी भरली, मग मागची सीटही भरली. पांडुरंगने पुढचं डावं दार उघडलं. "मॅडम, तुमी पुढं बसा. मागं आता जागा नाय."

सर दाराकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "स्प्रिंग टोचली तर टोचली." आणि बसले. टोचली नाही. पट्टाही नीट लागला.

हायवेला लागलो. बाहेर कापलेली भातखाचरं, लांबवर डोंगर. माझी नजर सहज तबकडीवर गेली आणि मी दचकलेच. उतारावरचे ते ब्रेक आठवले.

"सर, सत्तर? जुनी गाडी आहे, मागे एवढं ओझं आहे. हळू जरा!"

सरांनी गाडी हळू केली. इतकी हळू की थांबलीच. रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीसमोर. मला वाटलं, रागावले.

"काय म्हणालात?"

"सत्तर म्हणाले."

"साठ होते."

"अहो, मी डोळ्यांनी बघितले. सत्तर!"

सर हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या, तरी पुसत होते. मी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.

"काटा आकड्यांना चिकटलेला नसतो," ते चहा घेताना म्हणाले. "थोडा वर असतो. समोरून बघितलं की खरं दिसतं. डावीकडून बघितलं की तो उजवीकडे सरकलेला दिसतो, पुढच्या आकड्यावर. उभा जन्म पोरांना प्रयोगशाळेत ओरडत आलो, समोरून बघा, समोरून बघा! आणि गाडीत मीनलची आई. ही गाडी घेतली त्या दिवसापासून. 'सत्तर झाले, हळू.' मी म्हणायचो, साठ आहेत. ती म्हणायची, सत्तर. मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. डोळा इथे, काटा इथे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तुमचाच डोळा तिरका असेल.'"

"मग?"

"मग काय! मी पाय उचलायचो. पन्नासवर आणायचो. तिला साठ दिसायचे. ती खूश." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पेट्रोलचंही तेच. तिकडून काटा जास्त भरलेला दिसतो. मी म्हणायचो, टाकू या. ती म्हणायची, भरपूर आहे. एकदा त्र्यंबकहून येताना ऐकलं तिचं. बंद पडलो ना रस्त्यात! तर ही बाई बांधावर बसून शेंगा सोलून खातेय आणि हसतेय. तिच्या बाजूने बघितलं की सगळंच जास्त दिसायचं हो. वेगही जास्त, पेट्रोलही जास्त."

मी विचारलं, "म्हणून तिथे कुणाला बसवत नाही?"

"बसवलं ना, ती गेल्यावर सुरुवातीला. लोक बसतात आणि मोबाइल बघतात. नाहीतर बाहेर बघतात. कुणी काही म्हणतच नाही. त्या सीटवर माणूस आहे आणि गप्प आहे, हे मला नाही सहन होत, वैशालीताई. रिकामी असलेली बरी." मग म्हणाले, "नव्या गाडीत साठ म्हणजे साठ. तिकडूनही साठ, इकडूनही साठ. भांडायचं कशावरून?"

मी चहा संपवला आणि दोन्ही पेले टपरीवाल्याला परत दिले.

सर शब्दाचे पक्के. महिन्याभरात निळी गाडी गेली. गॅरेजवाला म्हणाला, "सर, तबकडी काढून देऊ का? आठवण राहील." सर म्हणाले, "नको. बंद गाडीचा काटा शून्यावर असतो. तो घरी नेऊन काय बघू?" नवीन पांढरी गाडी आली, मीनलने निवडलेली, समोर ढळढळीत आकडे. मीनल आली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. ती पुण्याला परत गेली आणि गाडीवर कापड चढलं. सर भाजीला रिक्षाने जायला लागले. त्र्यंबकचे सोमवारही चुकले. मीनलला फोनवर मात्र "सगळं जागेवर आहे."

एका सोमवारी मी नारळ घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. "त्र्यंबकराजाला बोललेला नारळ आहे. तुमच्या गाडीसाठी बोललेय, तेव्हा तुम्हीच न्या."

सर कुरकुरत खाली आले. कापड काढलं. सवयीने माझ्यासाठी मागचं दार उघडलं. मी वळसा घालून पुढे जाऊन बसले. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग ते दार लावून आत आले. समोरच्या पडद्यावर टकटक करायला बोट उचललं आणि परत खाली घेतलं.

गाडी शहराबाहेर पडली. पडद्यावर आकडे चढत होते, चाळीस, पन्नास. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. आकडा साठवर येऊन थांबला, एवढा मोठा की मागच्या ट्रकवाल्यालाही दिसावा.

"सर," मी म्हटलं, "सत्तर झाले. हळू जरा."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, चुकलंच आपलं, नको तिथे हात घातला. तेवढ्यात इंजिनाचा आवाज खाली आला. सरांनी पाय उचलला होता.

"साठ होते," ते म्हणाले.

"माझ्या बाजूने सत्तर दिसतात."

"काहीतरीच काय बोलता! स्वच्छ लिहिलंय तिथे साठ! शिकलेल्या बाई ना तुम्ही?"

"तुमचाच डोळा तिरका असेल."

"माझा डोळा? अहो, मी आयुष्यभर पोरांना..." सरांचा आवाज चढला, असा चढला की काचा वर होत्या म्हणून बरं. त्र्यंबकपर्यंत आम्ही भांडत गेलो. आणि परत येताना पेट्रोलवरून.