वाक्य दिल्याशिवाय जिना नाही

आमच्या लालबागच्या चाळीत जिना उतरायचा तर तांबे मास्तरांना इंग्रजी वाक्य द्यावे लागे. त्यांची खोली जिन्याला लागून. दारात खुर्ची टाकून ते वाटेत पाय आडवा घालत आणि जाणाऱ्याला दोन शब्दांची इंग्रजी क्रियापदे शिकवीत. आधी अर्थ सांगत, मग वापर विचारीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या चालू लागल्या, तेव्हा मास्तरांनी बाकीची क्रियापदे बंद केली. एकच उरले: कम बॅक.

"निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. तेच हे. कर वापर!"

"मास्तरांनू, भोंगो झालो, सोडा माका!" गिरणीत निघालेला बाबी कळवळे.

"वाक्य!"

"आय कम बॅक! काढा आता पाय!"

मास्तर भित्रे, हे सगळ्या चाळीला ठाऊक. रस्त्यावर टायर फुटला तरी खाटेखाली जात. बाहेर येऊन म्हणत, "खडू पडला होता."

मी पत्रके लिहिणारा, वाटणारा. मला हा छळ सोसेना. "मास्तर, साहेब गेला, त्याची भाषा कशाला मिरवता? मुंबई आमची, राज्य मराठीतच चालेल!"

"चालू दे की. राज्य येईल तेव्हा येईल. आधी तू परत ये."

एका दुपारी मोर्चाच्या घोषणा कानी आल्या आणि मी तो पाय ओलांडून धावलो.

नाक्यावर आधी लाठ्या चालल्या, मग गोळ्या. माझ्या शेजारी घोषणा देणारा तरुण मध्येच गप्प झाला. मी पिठाच्या चक्कीत शिरलो. बाहेरचा आवाज थांबला, तरी पोत्यांआडच बसून राहिलो.

उन्हे उतरल्यावर डोकावलो. संचारबंदी पुकारलेली, रस्ता ओस. मधोमध चादरीखाली कुणीतरी पडलेले. त्याच्यापुढे, दोन्ही हात वर करून, तांबे मास्तर!

"मागं फिरा, म्हातारबा!" शिपायाने बंदूक रोखली होती.

"फिरतो. तोंड तेवढं बघू द्या. आमच्या चाळीतला पोरगा असेल."

"मास्तर!" मी ओरडलो.

त्यांनी वळून पाहिले. मी धावत जाऊन त्यांना ओढू लागलो. त्यांचे सारे अंग थरथरत होते, पण ते जागचे हलेनात.

"तू जा घरी."

"आणि तुम्ही?"

"याचीही कुणी वाट बघत असेल. ते येईपर्यंत याच्याजवळ कुणी नको?"

शिपायाकडे न बघता ते रस्त्यावरच मांडी घालून बसले आणि चादरीबाहेर राहिलेली पावले त्यांनी हळूच झाकली.