डगलची टाकी आणि पाच पाय आर वर्ग

जुनी टाकी घ्यायची, एवढंच ठरलं होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारट, की त्याच्या चहाला चहा म्हणायला पाहुणाही धजत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला पत्र्याची टाकी हवी होती, आणि डगल मेंढपाळाकडे एक पडून होती.

"केवढी आहे रे?" मी फोनवर विचारलं.

"गोल आहे. जितकी रुंद तितकीच उंच. परवाच बाहेरून रंगवली. डब्यावर अडतीस चौरस मीटर लिहिलं होतं, अख्खा डबा संपला बघ."

"वीस किलोमीटर तर आहे, नेव्हिल. जाऊन मोजून ये ना!" माझी बायको मॅव्हिस म्हणाली.

"मोजतात ते सुतार. आम्ही काढतो!"

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. (मुलं शिकली असं माझं म्हणणं नाही.) उंची रुंदीइतकीच, म्हणून बाजू चार पाय आर वर्ग, वरचं झाकण एक, एकूण पाच. तळाला कुणी रंग लावत नाही, हेही मी विसरलो नाही. या हुशारीवर मी स्वतःच खूश झालो. उत्तर आलं : रुंदी तीन मीटर अकरा सेंटिमीटर.

पन्हळीखाली भिंत आणि लिंबाचं झाड यांच्यात जागा अडीच मीटर. आमच्याकडे मागच्या अंगणात लिंबू नसेल तर घराला घर म्हणत नाहीत, आणि हे झाड मॅव्हिसच्या आईने आमच्या लग्नात लावलेलं.

"नक्की ना, नेव्हिल?"

"दोनदा पडताळलंय!"

ती आत निघून गेली. मी झाडावर करवत चालवली. मलाही बरं वाटत नव्हतं, पण गणितापुढे कुणाचं चालतं?

शनिवारी डगल ट्रेलर घेऊन आला. टाकी भिंतीशी उभी राहिली. तिच्यापुढे लिंबाचा कापलेला बुंधा, आणि मध्ये फूटभर जागा शिल्लक.

"अडतीस म्हणालास ना?" मी विचारलं.

"हो. रंगाचे दोन हात मारले."

"दोन?"

"मग? पत्र्याला एक हात कोण मारतं, मास्तर?"

म्हणजे पत्रा अडतीस नव्हे, एकोणीस चौरस मीटर; रुंदी जेमतेम दोन मीटर वीस. बुंध्याजवळ उभी राहून मॅव्हिसने डोळे पुसले. ओरडली असती तर परवडलं असतं.

काल तिने लिंबाचं नवं रोप आणलं. भिंतीपासून किती अंतरावर लावायचं ते ठरवायला मला हाक मारली, तेव्हा मी हरखून गेलो. पेन्सिल घेऊनच धावलो. तिने पेन्सिल काढून घेतली आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"हे भिंतीला लावून धर," ती म्हणाली. "आकडा मी वाचते."