मरीआईची ओटी आणि सेलूची मावशी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्या भावकीत मानाचं काही असलं की पहिलं माझं नाव निघतं. आमचं जुनं गाव धरणात गेलं, तवा मरीआईचं देऊळबी पाण्याखाली गेलं. मंग दर साली दिवाळी झाली की समदी भावकी नावेत बसून मधोमध जाते, आन नावेतली वयानं मोठी सवाष्ण मरीआईची ओटी पाण्यात सोडते. बावीस वर्सं झाली, ती सवाष्ण म्हंजी मी, सगुणाबाई. माझी धाकली जाऊ दैवशाला मागं बसून नारळाची पिशवी धरते. तिची जागाच ती हाय.

यंदा कोरोना. म्या भावकीच्या ग्रुपवर बोलून टाकलं, "साथ हाय. मी काही येत न्हाई." मला वाटलं, समदे पाया पडतील. मंग थोडं ताणून धरीन आन मास्क लावून जाईन.

चौदा जणांनी अंगठे धाडले. नुसते अंगठे! वरून दैवशाला बोलली, "बराबर हाय जाऊबाई, तुमचं आता वय झालं. ओटीचं मी बघते."

वय झालं? माझ्याहून तीनच वर्सानं लहान हाय, आन तोंड बघावं तर उन्हात इसरलेल्या पापडावानी.

आठ दिस आमच्या मस्तगडाच्या गल्लीत दारोदार सांगत फिरले, "असल्या साथीत नावेत बसतं ते बिलकुल येडं." पण भाकरी टाकाया गेलं की तव्यात मला दैवशालाच दिसायची, हिरवी पैठणी नेसून माझ्या जागी बसलेली. भाकरी करपायच्या.

जायच्या दिवशी सुनेला हाक मारली. "भावना, तुझा सनकोट दे. मोठा रुमालबी. आन गॉगल."

"कशाला आत्याबाई?"

"धरणावर. तिची फजिती बघायचीय फक्त."

"लोक वळखतील की."

"लोक आता दोन हात लांबून बोलत्यात. कोण वळखतंय?"

भावनाच्या स्कुटीवर मागं बसून गेले. अंगात सनकोट, तोंडाला मास्क, त्यावर रुमाल, वर गॉगल. मधाचं पोळं काढाया निघाल्यावानी दिसत होते. बोलायची तर सोयच न्हाई, माझा आवाज अख्ख्या भावकीला पाठ हाय.

नावेत बसल्या बसल्या दैवशालानं विचारलंच, "भावना, ह्या कोण?"

पोरगी घाबरली. "माझी मावशी. सेलूची. घसा बसलाय त्यांचा."

चार जण फळीवरनं मागं सरकले.

"न्हाई न्हाई," भावना म्हणली, "मौन धरलंय."

नाव मधोमध आली. दैवशाला ओटीचं ताट घेऊन उठली. ती वाकणार, तेवढ्यात थांबली.

"भावना, तुझी मावशी माझ्याहून बरीच मोठी दिसती. काका हायेत ना?"

"हायेत की. ठणठणीत."

"मंग मान त्यांचा." आन ताट माझ्याच हातात दिलं.

बरीच मोठी दिसती म्हणे. एवढ्या कपड्यातून काय दिसलं हिला? पण ताट सोडवंना. खण, नारळ, हळदी-कुंकू, समदं रीतीनं पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी दैवशाला प्रसाद घेऊन आल्ती. दारातूनच म्हणली, "जाऊबाई, भावनाच्या मावशीनं काय ओटी सोडली म्हणून सांगू. घाई न्हाई, गडबड न्हाई, नावाड्यावर वरडणं न्हाई. माहेरचं वळणच चांगलं हाय भावनाचं."

भावना पदरात तोंड घालून आत पळाली. पलंगावरून आमचे मालक आबाराव म्हणले, "अशी एक तरी बाई आपल्या घरात पायजे होती."

सांगावं, तर आठ दिस येडं कोणाला म्हणत फिरले, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. गप बसावं, तर माझा मान सुनेच्या माहेरी चालला.

"पुढच्या सालीबी त्यांनाच बोलवायचं ठरलंय," दैवशाला म्हणली. "तुमचं काय म्हणणं?"

खरं सांगते, मला ती बाई पहिल्यापासूनच आवडली न्हाई.