दोन्ही बाजूंनी सिंह

चूक कोणाची, यावर तिची किंमत ठरते. टाकसाळीच्या यंत्राने नाण्यावर छाप वाकडी मारली, तर शौकीन लोक तिला हजारो रुपये मोजतात. तोच वाकडेपणा तुम्ही-आम्ही घरी कानस घेऊन केला, तर पोलीस येतात. सरकारी चुकीला मोल आणि घरगुती चुकीला कलम, इतकं हे शास्त्र सोपं आहे.

त्याच्या प्रसारासाठी आम्ही शहापुरात नाणे परीक्षण मंडळ चालवतो. (सभासद दोन: मी आणि मारुतीराव. भिंग मारुतीरावांचं.) आजवर तपासलेली चुकीची नाणी एकशे सदतीस, त्यांत टाकसाळीची अस्सल चूक शून्य. हा आमच्या कडकपणाचा पुरावा मानला जातो. आम्हीच मानतो.

परवा सांबऱ्याकडच्या एका दूध सोसायटीनं आम्हाला गाडी पाठवून नेलं. तिथले बारा संचालक दर निवडणुकीत इमानेइतबारे सहा-सहा फुटतात. मग मावळते चेअरमन परशराम आप्पा स्वतःच्या खिशातलं पाचाचं नाणं उडवतात आणि सिंह मागतात. यंदा धरून चारही खेपेला सिंहच पडला. (आप्पा दरवर्षी सत्यनारायण घालतात.) चारही खेपेला हरली ती नागुबाई आक्का. आक्काला खुर्ची मिरवायची नव्हती, फॅट मोजायचं मशीन दुरुस्त करायचं होतं. तिच्या सात म्हशींचं दूध त्या मशीनवर पाण्यासारखं ठरतं आणि आप्पांच्या भाकड म्हशीचं लोण्यासारखं.

सोसायटीची रीत अशी, की जिंकून देणाऱ्या नाण्याला दुधाची अंघोळ घालायची. यंदा हाताशी आक्काचंच दूध होतं, नुकतं काढलेलं, कोमट. आत एक नाणं गेलं आणि बाहेर दोन तुकडे आले. मधला डिंक सुटला होता. दोन्ही तुकड्यांवर सिंह!

आप्पांचं म्हणणं, ही टाकसाळीची चूक. सरकारी ठरली तर खुर्ची राहणार, घरगुती ठरली तर जाणार. सगळं गाव आमच्या भिंगाकडं डोळे लावून बसलं. मारुतीरावांनी काठ पाहिला, वजन केलं आणि मी अहवाल वाचला. अस्सल चुकीत धातू यंत्राच्या दाबानं सरकलेला असतो, इथं तो आतून कोरून काढलाय, काठालगत जोड आहे, आणि टाकसाळ डिंक वापरत असल्याचं मंडळाच्या ऐकिवात नाही. आक्का पदराआड हसली. मलाही लई बरं वाटलं.

नाणं नव्यानं उडवायचं ठरलं. सगळ्यांनी खिसे चाचपले, पण सगळेच फोनवरून पैसे देणारे, नाणं कुणाकडंच नाही. शेवटी आक्कानं पानाच्या चंचीतनं दहाचं नाणं काढलं. मारुतीरावांनी उलटसुलट करून बघितलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला दहा, शंभर टक्के अस्सल.

"दहाचं घेत न्हाईत गं आक्का आपल्याकडं," आप्पा मायेनं म्हणाले.

"बाजारात कुठं द्यायचं हाय? उडवायचं हाय. दोन बाजू हायत न्हवं त्येला?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मतदानाला टाकला. अकरा विरुद्ध एक. (आक्काचे पाचही जण फिरले. दहाचं नाणं घेणारा येडा, असं नाव गावात कोण पाडून घेईल?) मग आप्पांचं नाणं परत चिकटवलं, फुंकर मारून वाळवलं आणि उडवलं. सिंह पडला. निरीक्षक म्हणून मी सही केली. मशीन आहे तसंच राहिलं.

निघताना आक्कानं ते दहाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. "तुमी तरी वळखता न्हवं खरं? ठेवा."

मी परत केलं. पुढं कोण घेणार होतं?

हसताय काय? गेल्या आठवड्यात भाजीवालीनं सुट्टे म्हणून दिलेलं असलंच नाणं "नोट दे" म्हणून तुम्ही परत केलंत, तेव्हा तुमच्याकडं तर भिंगसुद्धा नव्हतं.